लेकरांसह परदेशातलं पहिलं वर्ष: थोरल्याला गावी ठेवावं का?

उदगीर तालुक्यातल्या एका आईनं विचारलंय: नवऱ्याला जर्मनीत श्टुटगार्टजवळ मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी लागली आहे. सप्टेंबरअखेर निघायचं आहे. मुलगा साडेपाच वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. सासूबाई म्हणतात, थोरल्याला वर्षभर आमच्यापाशी राहू द्या, तुमचं बस्तान बसलं की न्या. लसी, थंडी, आजारपण, मराठी या सगळ्याचं काय, आणि मुख्य म्हणजे थोरल्याला न्यावं की ठेवावं?

ताई, मी लातुरात सत्तावीस वर्षं लेकरांची डॉक्टर म्हणून काम करते. परदेशी निघालेली कुटुंबं निघण्याआधी लसींसाठी माझ्याकडे येतात, आणि वर्षानं सुट्टीवर आली की जुलाब-तापासाठी पुन्हा येतात. त्यामुळे एकाच लेकराला जाण्याआधी आणि आल्यानंतर बघायला मिळतं. पूर्वी अशी घरं पुण्या-मुंबईचीच असायची. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून औसा, निलंगा, अहमदपूरकडूनही विचारणा होते. श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी, म्हणून तिथले नियम धरूनच सांगते.

थोरल्याला ठेवू नका. दोघांनाही सोबत न्या.

याला एक कारण अगदी हिशोबाचं आहे. मुलगा आता साडेपाचचा, म्हणजे येत्या हिवाळ्यात सहा पूर्ण करील. त्या राज्यात ३० जूनपर्यंत ज्याला सहा वर्षं पूर्ण होतात, त्याला त्याच सप्टेंबरात पहिलीत बसावं लागतं. तिथं शाळा सक्तीची आहे, घरी शिकवतो म्हणायची सोय नाही. आत्ता नेलंत तर त्याच्या हाती ऑक्टोबर ते जुलै असे नऊ-दहा महिने येतात, किटामधले. किटा म्हणजे आपली बालवाडीच, पण जास्त तासांची, आणि तिथं पाटी-पुस्तक नसतं. वाळूत खेळणं, चिखलात लोळणं, गाणी, भांडणं आणि एकत्र जेवण. भाषा तिथंच लागते, खेळता खेळता. वर्षानं नेलंत तर हे लेकरू एकही जर्मन शब्द येत नसताना थेट पहिलीच्या बाकावर बसेल, तेही आई-बापाची नव्यानं ओळख करून घेत असतानाच. सासूबाई त्याच्या काळजीनंच त्याला ठेवून जा म्हणतात, पण ठेवल्यानंच त्याला पुढं शाळा अवघड जाणार आहे. त्यांना हे असंच समजावून सांगा. त्या मायेपोटी बोलतात, त्यांना दुखवू नका.

दुसरं कारण माझ्या स्वतःच्या चुकीचं आहे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी असाच प्रश्न एका जोडप्यानं विचारला होता आणि मी म्हटलं होतं, ठेवा आजीपाशी, घर भरलेलं आहे, लेकरू रमेल. चार वर्षांची मुलगी होती. रमली असं सगळे म्हणत. तिसऱ्या महिन्यात आजी तिला घेऊन आली, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली म्हणून. लघवी तपासली, काही निघालं नाही. वजन तेवढंच अडकलेलं. अकरा महिन्यांनी आई परत आली तेव्हा ती आजीच्या निऱ्यांमागे जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, 'ही फोनमधली मम्मी आहे.' मी समोरच बसले होते. त्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. आपल्या भागात लेकरं आजीकडे ठेवून कामाला जाणं नवं नाही. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दसऱ्यानंतर कारखान्यावर जाताना नाइलाजानं हेच करतात, आणि त्या लेकरांच्या वाट्याला काय येतं ते आम्ही डॉक्टर बघतो. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नसतो. तुमच्यापुढे आहे.

आता निघण्याआधीची कामं. जन्मदाखला आजच काढून बघा. बाळंतपण माहेरी झालेलं असतं, दाखला तिकडच्या नगरपालिकेचा, आणि नावाचा रकाना कोराच राहिलेला, असं फार होतं. कोणाच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. हे दुरुस्त करायला आठवडे जातात आणि व्हिसा तिथंच अडतो.

लसींचं माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि सगळ्या लसी तारखांसह इंग्रजीत एका कागदावर उतरवून घ्या, सही-शिक्क्यासह. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय किटात घेत नाहीत, आणि शाळेतही तो द्यावाच लागतो. एक वर्ष झालेल्याला एक डोस, दोन वर्षं झालेल्याला दोन. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिन्यांनंतर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. धाकटी दीड वर्षाची आहे, म्हणजे दुसऱ्या डोसच्या वयात आलेली आहे. तो इथंच देऊन निघा. कांजिण्यांची लस आपल्याकडे सरकारी यादीत नाही, तिथं आहे, तीही जमली तर इथंच. दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, वण बघून तिथला एखादा तरुण डॉक्टर चक्रावेल, कारण तिथं १९९८ पासून ही लस सरसकट देत नाहीत. क्षयाची त्वचेवरची तपासणी करायची वेळ आली तर बीसीजी दिलेली आहे हे आधी सांगा.

एक तपासणी तुमच्या स्वतःचीही करून घ्या. घर माळकरी असेल, मांस-अंडी वर्ज्य असतील आणि धाकटी अजून अंगावर पीत असेल, तर तुमचं बी-१२ आणि हिमोग्लोबिन बघणं फार गरजेचं आहे. आईत बी-१२ कमी असलं की अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते मिळत नाही. बाळ सुस्त होतं, शिकलेलं विसरायला लागतं. हे वेळेत कळलं तर उपचार सोपा आहे.

कपडे इथून पोतंभर नेऊ नका. लातूरचा स्वेटर तिथल्या थंडीला पुरत नाही. तिथं लेकरांच्या वापरलेल्या कपड्यांचे बाजार भरतात, चांगलं जाकीट आणि बूट तिथं स्वस्तात मिळतात. किटावाले पावसाची रबरी विजार आणि गमबूट मागतील, कारण पाऊस असो, थंडी असो, रोज लेकरांना बाहेर नेतातच. हे बघून जीव घाबरा होतो, पण गार वाऱ्यानं सर्दी होत नाही. सर्दी विषाणूनं होते आणि तो बंद खोलीतच जास्त पसरतो.

आता मुख्य गोष्ट, वर्ष कसं जातं. निघताना सगळ्यांना वाटतं, पहिला महिना अवघड जाईल. तसं होत नाही. पहिला महिना धावपळीत जातो. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, बँक, विमा, लेकरांच्या डॉक्टरचा शोध. झाडांची पानं पिवळी-लाल झालेली, ट्राम, बागा, लेकरं खूश. किटात पहिले काही आठवडे आई किंवा वडील लेकराजवळ बसतात. आधी अर्धा तास, मग थोडा वेळ बाहेर जाऊन परत, असं हळूहळू सोडवतात. ही पद्धत मला आपल्याकडे रडत्या लेकराला दारातून ओढून आत घेण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते. घाई करू नका, नवऱ्याला त्यासाठी सुट्टीची तयारी आधीच करायला सांगा.

अवघड काळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो. त्या दिवशी घड्याळं एक तास मागे जातात. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. दिवाळी दोन पणत्या आणि फोनवर होते. ११ नोव्हेंबरच्या सुमाराला किटातली लेकरं कागदाचे कंदील करून अंधारात गाणी म्हणत फिरतात. तुमचा मुलगा त्याला आकाशकंदील म्हणेल, म्हणू द्या. आणि याच वेळी आजारपणं सुरू होतात. किटात नव्यानं गेलेलं लेकरू वर्षात आठ-दहा वेळा सर्दी-तापानं आजारी पडतं. हे तिथल्या जर्मन लेकरांचंही असंच असतं. त्यात हवेचा दोष नाही, तुमच्या सांभाळण्याचाही नाही. सरकारी विमा असलेल्या नोकरदार आई-बापांना आजारी लेकरासाठी २०२४ पासून प्रत्येकी वर्षाला १५ दिवस रजा मिळते, त्या दिवसांचा बराचसा पगार विमा देतो.

इथं फार जणींचा खटका उडतो, म्हणून नीट सांगते. आपल्याकडे ताप आला की त्याच संध्याकाळी दवाखाना, इंजेक्शन नाहीतर अँटिबायोटिक. तिथला डॉक्टर म्हणेल, पाणी पाजा, आराम द्या, तीन दिवसांनी या. तो हयगय करत नाही. विषाणूच्या तापाला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, आणि आम्ही इथं गरजेपेक्षा जास्त देतो हे मी माझ्याच पेशाबद्दल सांगते. इथून अँटिबायोटिकच्या बाटल्या बांधून नेऊ नका. लेकरू श्वास घेताना छाती आत ओढत असेल, काहीच पीत नसेल, लघवी थांबली असेल, हलवूनही नीट जागं होत नसेल, किंवा अंगावरचे लाल ठिपके काचेचा पेला दाबला तरी फिके पडत नसतील, तर वाट बघू नका, ११२ ला फोन करा. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा, पण जीवावरचं नाही, तर ११६११७. दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवा. लेकरांचे डॉक्टर तिथं नवीन पेशंट घ्यायला बऱ्याचदा नकार देतात, म्हणून लेकरू बरं असतानाच नाव नोंदवून ठेवा. वयानुसार ठरलेल्या तपासण्या असतात, त्यांची पिवळी वही मिळते. त्या चुकवू नका.

ऊन नाही, म्हणून ड जीवनसत्त्व. आपल्या सावळ्या कातडीला ते उन्हातून मिळवायला जास्त वेळ लागतो आणि हिवाळ्यात तिथलं ऊन नावालाच. डॉक्टरांना विचारून दोघांनाही थेंब किंवा गोळी चालू ठेवा, तुम्हीही घ्या.

थोरला किटात गप्प बसेल. घरी तोंड भरून बोलणारं पोरगं तिथं दोन-तीन महिने, कधी सहा महिने, एक शब्द काढत नाही. ऐकतो, बघतो, मान हलवतो. नवी भाषा शिकणाऱ्या लेकरांचा हा नेहमीचा टप्पा आहे. 'आज काय शिकलास, म्हणून दाखव' असा रोज तगादा लावू नका. मात्र घरी मराठीतही बोलणं कमी झालं, किंवा धाकटी येत असलेले शब्दच विसरायला लागली, तर डॉक्टरला दाखवा, कान तपासा. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं हा गैरसमज आहे. म्हणून घरात जर्मन भाषेचा मोडकातोडका सराव करू नका. घरात मराठीच, तीही तुमची उदगीरची, जशी येते तशी. किटावाल्या बाई स्वतःच सांगतील, घरी तुमचीच भाषा बोला.

आणि आता ज्यासाठी मी हे एवढं लिहिते आहे ते. धाकटीला किटात जागा मिळायला उशीर होईल असं धरून चला. पहिल्या वाढदिवसापासून जागेचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण जागा कमी आहेत. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी नवरा कामावर, थोरला किटात, आणि तुम्ही दीड वर्षाच्या लेकराला घेऊन तिसऱ्या मजल्यावर. दार वाजवणारी शेजारीण नाही, रविवारी दुकानंही बंद. परत आलेल्या लेकरांकडे बघून मला बऱ्याचदा आईचा हिवाळा कसा गेला ते कळतं. आई खचली की लेकरू चिडचिडं होतं, जेवत नाही, झोपत नाही, मग आई अजून खचते. ज्या घरात आईनं पहिल्या महिन्यापासून भाषेचा वर्ग धरला, तिथली लेकरं वेगळी दिसतात. म्हणून नवऱ्याशी निघण्याआधीच ठरवा: आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तो लेकरं सांभाळणार आणि तुम्ही वर्गाला जाणार. फोल्क्सहोखशूले नावाची संध्याकाळच्या वर्गांची संस्था बहुतेक गावांत असते. इथूनच सुरुवात केलीत तर उत्तम. बिनकिटाच्या लहान लेकरांना घेऊन आया जमतात असे गटही असतात, जवळच्या ग्रंथालयात किंवा चर्चच्या खोलीत चौकशी करा. पहिले चार वेळा गप्प बसून आलात तरी पाचव्यांदा जा. आणि रडू येतंय, झोप उडाली आहे, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त झालं तर ते आजारपण समजा आणि डॉक्टरला सांगा. माझ्या ओळखीची लातूरची एक मुलगी हे सांगायला सात महिने लाजली.

आजी-आजोबांशी बोलण्याची वेळ ठरवून घ्या. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर साडेतीन. तिथली संध्याकाळची पाच म्हणजे हिवाळ्यात इथली रात्रीची साडेनऊ, आणि गावाकडची म्हातारी माणसं तेव्हा झोपलेली असतात. रविवारी तिथं सकाळी दहाला फोन लावा, इथं दुपारचे अडीच असतात. 'आजीला ओळखलंस का, आजीशी बोल' असं लेकराला सांगू नका, ते पळून जातं. आजीला म्हणा, फोन डब्याला टेकवून ठेवा आणि तुमचं काम करत राहा. एका घरातली आजी भाकरी थापायची आणि तिकडं दोन वर्षांची नात कणकेचा गोळा घेऊन थापायची, वीस-वीस मिनिटं, फारसं न बोलता. डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला वेळ अमावास्या, आपला शेतातला सण, येते, तेव्हा बहुधा तिकडं नाताळची सुट्टी असते किंवा लागणार असते. शेतातल्या कोपीपासून फोन करायला सांगा. आंबिलाचं बिंदगं, भज्जी, पांडवांची पूजा, सगळं दाखवू द्या. तुम्हीही भज्जी करा, हरभरा-तूर तिथल्या आशियाई दुकानात मिळते, ज्वारीचं पीठही मिळतं, महाग आहे.

एप्रिलपासून दिवस पालटतो. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, लेकरं झोपायला तयार होत नाहीत, जाड पडदे लावा. गवतात, रानात खेळून आलं की अंग तपासा, कारण जवळपास सगळं बाडेन-वुर्टेम्बर्ग गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या पट्ट्यात येतं. त्याची लस आहे, तिथल्या डॉक्टरांना विचारा. कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे बघा. गोचीड आपल्याला नवी नाही, पण बैलाच्या गोचिडीवर टाकतात तसं रॉकेल-तेल टाकू नका. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा. नंतर तिथं लाल कडं पसरत गेलं तर डॉक्टरकडे.

त्या राज्यात शाळेची मोठी सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा अशी असते, तेव्हा घरी येणं मे महिन्याच्या फुफाट्यात नाही, पावसाळ्यात होईल. तिकीट काढताना पोळा आणि महालक्ष्म्यांच्या तारखा बघून घ्या. पावसाळा म्हणजे दूषित पाणी आणि डास. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लसी येण्याआधी. पाणी उकळून, झोपायला मच्छरदाणी. जुलाब लागले तर ओआरएस आणि १४ दिवस झिंक. तिकडचा सरकारी विमा भारतातला दवाखाना देत नाही, प्रवासाचा वेगळा विमा काढा. आणि कुत्र्यांचं बघा: तिकडं वाढलेलं लेकरू प्रत्येक कुत्र्याला हात लावतं. ओरखडा जरी निघाला तरी साबणानं १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लसीला.

मराठीबद्दल शेवटचं. गेल्या श्रावणात निलंग्याकडची एक आजी नातवाला घेऊन आली. पाच वर्षांचा, वर्षभर तिकडं राहिलेला. आजी मराठीत बोलायची, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. आजी म्हणाली, 'डॉक्टर, ह्याची बोलीच गेली की ओ.' मी त्याला मराठीत सांगितलं, तोंड उघड, जीभ बाहेर काढ, आता मोठा श्वास घे, डावा कान दाखव. सगळं बरोबर केलं. आजीला म्हटलं, काही गेलेलं नाही, आत आहे. नऊ दिवसांनी त्याला पुन्हा आणलं, पोळ्याच्या पुरणपोळ्या जास्त झालेल्या. मी विचारलं, काय होतंय रे? पोटावर हात ठेवून म्हणाला, 'लई दुखलालंय.'

कार्ड, दाखले आणि दोन्ही लेकरं घेऊन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन या. लस दिल्यावर अंग कसकसलं, ताप आला तर निघण्याआधी उतरायला वेळ हवा.